बिनफोडणीचं वरण

यंदाच्या बक्षिसांची यादी लागली आणि आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या हॉटेलवाल्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. उत्कृष्ट हॉटेल, उत्कृष्ट ढाबा, उत्कृष्ट शाकाहारी, उत्कृष्ट कौटुंबिक वातावरण. बक्षिसं एवढी वाढलीत की ज्याला एकही मिळालं नाही त्याची कीव यावी. मांजरसुंब्याच्या एका पठ्ठ्यानं तर निकालाच्या आधीच फ्लेक्स छापून घेतला, ‘जिल्ह्यात प्रथम’ म्हणून. निकालात नाव निघालं दुसऱ्याचं. आता त्यानं ‘प्रथम’वर पांढरा कागद चिकटवलाय आणि ट्रकवाले मुद्दाम थांबून विचारतात, “जिल्ह्यात काय हो शेठ?” पहिलं आलेलं हॉटेल सुनेनं मला मोबाइलवर दाखवलं. दारात कारंजं. बीड जिल्ह्यात, टँकरच्या मुलखात, कारंजं! मी म्हटलं, अगं, आधी ते पाणी बंद करा कुणीतरी.

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, कलाबाई, तुम्ही जन्मभर लोकांना जेवू घातलंत, यंदा कोण जिंकलं, कोण हरलं, त्यावर लिहा. मी म्हटलं, जिंकलेल्यांचं मला काही कळत नाही. हरलेल्यांचं लिहिते, तेही एकाच खानावळीचं. आमच्या.

अंबाजोगाईला दवाखान्यासमोर आमची महिला सहकारी खानावळ होती. आम्ही आठ-दहा जणी. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणाचा नवरा वर्षातले सहा महिने ऊसतोडीला, कुणाला नुसतंच घरात बसायची चीड आलेली. मी त्यातली तिसरी. सरूआक्का आमची चेअरमन. कागदावर चेअरमन, एरवी भांडी घासायला सगळ्यांत पुढं. बोलणं मोजकं, पण एकदा ‘न्हाई’ म्हणाली की ते न्हाईच. चुलीवर मथुरा. तिचा आवाज रस्त्यापलीकडं ऐकू जायचा आणि तिची भाकरी अशी फुगायची की परगावची माणसं घास तोंडात धरून बघत राहायची. मथुरा बौद्ध. एखादा यायचा आणि बसायच्या आधी विचारायचा, “भाकरी कोणाच्या हातची?” मथुरा आतूनच ओरडायची, “चुलीच्या हातची हाय. खायची तर खा, न्हाई तर पुढं चहाचं हाटेल हाय, बिस्कूट खा!” बहुतेक खायचे. भूक लागल्यावर लई शहाणपण सुचतं माणसाला.

माझं काम वाढायचं. हे काम लोकांना सोपं वाटतं. ताट ठेवलं, भाजी वाढली, झालं. पण दवाखान्यासमोर तसं चालत नाही. हॉटेलात माणूस काय खायचं ते ठरवून येतो. आमच्याकडं येणाऱ्याला आपण कालपासून जेवलो नाही हेच आठवत नसायचं. त्याचं माणूस आत खाटेवर. तो ताटावर बसायचा आणि भिंतीकडं बघायचा. अशा माणसाला ‘काय घेणार’ विचारलं तर तो उठून जातो. त्याला न विचारता वाढायचं, आणि पहिला घास पोटात गेला की मगच बोलायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. चार माणसं उपाशी उठून गेली तेव्हा कळलं.

माणूस ओळखणं हाच आमचा धंदा. केजकडचा एक जण आईला घेऊन आला होता. रोज तिच्यासाठी डबा न्यायचा. आधी नुसती पेज, मग मऊ भात, मग वरण-भात. आम्ही काही विचारत नव्हतो, डब्यावरून आम्हाला म्हातारीची तब्येत कळायची. एक दिवस आला आणि म्हणाला, “मावशी, जरा ठेचा द्या. म्हातारी शिव्या द्यायलीय. म्हणती, बेचव खाऊन मरायले मी.” मथुरानं चुलीपाशीच टाळ्या वाजवल्या. दुसरा एक, वडवणीकडचा, लेक झाली म्हणून जिलबी घेऊन आला आणि सगळ्यांच्या ताटात वाढत सुटला. एकानं टोमणा मारला, “लेकीवर एवढी जिलबी?” तर हा म्हणाला, “मग परत द्या.” त्यानं दिली नाही, खाल्लीच. अशी माणसं. आम्हाला वाटायचं, दारातून माणूस आत आला की आपण त्याचं सगळं वाचतो. लई गर्व होता आम्हाला त्याचा.

मग तो दुष्काळ आला. नळ बंद झाले. टँकर कधी यायचा, कधी नुसता हॉर्न वाजवून पुढं जायचा. ताटं धुवायला पाणी नाही म्हणून आम्ही पत्रावळीवर आलो. पण टेबलावरचा पाण्याचा तांब्या सरूआक्कानं काढू दिला नाही. “पानी आधी. मग इचारा काय खातो.” लोक जेवायला कमी आणि पाणी प्यायला जास्त यायला लागले. रिकाम्या बाटल्या घेऊन दारात उभे राहायचे. मी चिडायचे. “आक्का, आपण खानावळ हाव का पाणपोई?” ती म्हणायची, “आज पानी पिला तो उद्या जेवाया यील.” उद्या तो येत नसे, तिलाही ठाऊक होतं.

आमचा गाळा गावातल्या एका सहकारी संघाचा. संघाच्या बोर्डावरच्या काहींना आमची दारातली बाटल्यांची गर्दी खुपायला लागली. त्यात एका मोठ्या हॉटेलवाल्याची त्या जागेवर नजर. त्याला तिथं काचेचं, गाद्यांचं हॉटेल टाकायचं होतं. संघाचे चेअरमन अण्णा आमच्या बाजूचे. भला माणूस. पण एकट्याचं बोर्डापुढं किती चालणार? एक दिवस ते सरूआक्काला म्हणाले, “सरूबाई, हॉटेलवाल्यांच्या संघटनेचं बक्षीस हाय यंदा. परीक्षक पुण्याचा हाय, गुपचूप येऊन जेवून जातो. तेवढं बक्षीस आणा. मग बघतो बोर्डात कोण तोंड उघडतं ते.”

म्हणजे बक्षीस मिळालं तर गाळा राहणार, नाही तर जाणार. एवढं सरळ होतं. आम्ही चुना आणून भिंती रंगवल्या. फळ्यावर पदार्थ लिहिले. शेवयाची खीर रोज करायची ठरली, दुष्काळ असला तरी. आणि मी दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडं बघायला लागले, हा पुण्याचा का तो पुण्याचा. बूट घातलेला दिसला की मथुरा फोडणीत दोन पाकळ्या लसूण जास्त टाकायची. त्या महिन्यात औषधं विकणाऱ्या पोरांची लई चंगळ झाली.

आता एक आमच्याकडची रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात सुतकाच्या घरात फोडणी देत नाहीत. तेल तापलं, मोहरी तडतडली, वास गल्लीभर गेला, म्हणजे ते घर मजेत आहे असं वाटतं. म्हणून चूल पेटवायची नाही. भाऊबंद, शेजारी साधं जेवण आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. पण दवाखान्यात ज्याचं माणूस गेलं आणि गाव लांब म्हणून ज्याला इथंच सगळं उरकावं लागलं, त्याला कडू घास कोण देणार? खानावळ सुरू झाली तेव्हाच सरूआक्का म्हणाली होती, “आपुन.”

तेव्हापासून डोकं काढलेला, म्हणजे सुतकात केस उतरवलेला, माणूस दारात दिसला की आमच्याकडं सगळं बदलायचं. मी आधी रेडिओ बंद करायचे. त्याला कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसवायचं, म्हणजे त्याला कुणाकडं बघावं लागत नाही. बिनफोडणीचं वरण, भाकरी, कडेला मीठ. आग्रह करायचा नाही, जेवण कसं झालं विचारायचं नाही, गोड तर दाखवायचंच नाही. पैसे घ्यायचे नाहीत. आणि तो निघाला की ‘या परत’ म्हणायचं नाही. सवयीनं तो ‘येतो’ म्हणालाच, तर ऐकलं नाही असं दाखवून तोंड फिरवायचं. कुणाच्या घरी परत असा प्रसंग येऊ नये, म्हणून.

आता तुम्ही ओळखलं असेल. पण आम्ही नाही ओळखलं, आमचा गर्व ना!

भर दुपारची वेळ, खानावळ भरलेली. दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीच्या आतला. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोकं तुळतुळीत, मिशीसुद्धा काढलेली. मथुरानं चुलीपासून बघितलं आणि कधी नव्हे ते हळू बोलली, “आगं बाई, एकटाच आलाय गं लेकरू.” मी रेडिओ बंद केला. बाकीच्या ताटांवरची माणसंही दवाखान्यातलीच, त्यांना सांगावं लागलं नाही. बोलणी थांबली. कोपऱ्यातला माणूस आपली पत्रावळ उचलून दुसरीकडं सरकला. मी त्याला तिथं नेऊन बसवलं.

त्यानं वरणात भाकरी बुडवली, एक घास घेतला आणि थांबला. कितीतरी वेळ वरणाकडं बघत बसला. मग उसासा टाकला. माझे डोळे भरून आले. (सकाळपासून तो कुठं कुठं जेवून आला होता आणि त्याच्या पोटात जागा नव्हती, हे आम्हाला मागाहून कळलं.) शेजारच्या ताटावरची एक म्हातारी उठून जाता जाता त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली. तो दचकलाच.

मग त्यानं मला विचारलं, “गोड काही आहे का?”

मला वाटलं, दुःखानं माणसाला भान राहत नाही. मी म्हटलं, “आज न्हाई, दादा.”

“फळ्यावर तर शेवयाची खीर लिहिलीय.”

“असू द्या. आज नका.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी मान खाली घालून पाणी ओतलं. तो अर्धी भाकरी टाकून उठला, सरूआक्काजवळ गेला आणि खिशात हात घातला. तिनं हात जोडले.

“तुमच्याकडनं न्हाई घ्यायचे, दादा.”

त्याचा चेहरा एकदम बदलला. “का? मला ओळखता तुम्ही?”

“वळखलं की. दारातच वळखलं.”

त्यानं पैसे खिशात टाकले. निघताना म्हणाला, “येतो.” आम्ही सगळ्याजणींनी तोंडं फिरवली. मी भिंतीकडं, सरूआक्का डाळीच्या डब्याकडं. तो गेल्यावर मथुरा म्हणाली, “बाप गेला असंल. आईचं दुख असतं तर बोलला असता.” एवढ्या खोलात गेलो होतो आम्ही.

बक्षिसाचा कार्यक्रम बीडला एका मंगल कार्यालयात होता. आम्ही जीप करून गेलो. सरूआक्का नेहमीच्याच लुगड्यात, मथुरानं मात्र शेजारणीची पैठणी आणलेली, कारण स्टेजवर जायचं झालं तर! अण्णा पुढच्या खुर्च्यांवर बसलेले, त्यांनी वळून आम्हाला हात केला. मग परीक्षक साहेब बोलायला उठले. डोक्यावर बोटभर केस आलेले. मी सरूआक्काच्या दंडाला चिमटा घेतला.

साहेब म्हणाले, “माझं मूळ गाव वडवणीकडचं, पण शिकलो-वाढलो बाहेर. यंदा वडिलांचा नवस होता म्हणून त्यांना तिरुपतीला घेऊन गेलो, केस दिले आणि तिथून थेट परीक्षणाला आलो. बाबा आज इथं आहेत.” पहिल्या रांगेत एक म्हातारा उठला. पांढरी टोपी, धोतर, काटक. सगळ्यांकडं वळून त्यानं हात जोडले. बत्तीशी शाबूत.

“अगं आई गं,” मथुरा म्हणाली.

तिरुपती! आता आमच्या खानावळीत तिरुपतीहून आलेला माणूस कशाला येईल? आमच्याकडं डोकं काढलेले येत ते एकाच कारणानं. ते आमच्या डोक्यात एवढं पक्कं बसलेलं की दुसरं काही असतं हेच आम्ही विसरलो होतो.

साहेबांनी एकेकाचं कौतुक केलं. मग आवाज जरा उतरवला. “अंबाजोगाईला दवाखान्यासमोर एक महिला खानावळ आहे. खूप ऐकून होतो. जेवणाबद्दल मी बोलत नाही, चव प्रत्येकाची वेगळी. पण तिथं मला दारातच ओळखलं, हे चालक बाईंनी स्वतः सांगितलं, आणि माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. परीक्षकाला फुकट जेवू घालणं याला काय म्हणतात ते मी सांगायला नको. ती खानावळ आम्ही स्पर्धेतून बाद केलीय.”

सगळं कार्यालय मागं वळून आमच्याकडं बघायला लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले. सरूआक्कानं माझं मनगट धरलं.

“बस खाली.”

“आक्का, सांगू दे मला. लाच म्हणायलेत आपल्याला!”

“काय सांगशील? ते म्हातारं बसलंय म्होरं. त्याच्या तोंडावर सांगशील, तुमच्या नावाचं सुतकाचं ताट लेकाला वाढलं म्हणून?”

म्हातारा पहिल्या रांगेत लेकाकडं बघून मान डोलवत होता. लेक बोलतोय याचंच त्याला कौतुक. मी बसले. कशी बसले ते माझं मला माहीत.

बाहेर अण्णा आमची वाट बघत होते. रागावले नव्हते, त्याचंच जास्त वाईट वाटलं. “सरूबाई, कावून घेतले न्हाईत पैसे? कायतरी कारण असंल की. मला सांगा. बोर्डाला म्या काय सांगू?”

सरूआक्का म्हणाली, “चूक झाली, अण्णा.”

अण्णा थोडा वेळ थांबले, तिच्या तोंडाकडं बघत. ते गाडीत बसून गेले. बोर्डाच्या पुढच्याच बैठकीत गाळा गेला.

गाळ्याचं एक वेळ सोसलं असतं. नावाचं सोसेना. भाजीबाजारात बायका म्हणायच्या, “काय गं, आज कोणाला फुकट जेवू घातलं?” टँकरच्या रांगेत एक जण मला म्हणाला, “लाचवाल्या खानावळीचं भांडं जरा मागं घ्या.” दुष्काळात ज्याला फुकट पाणी पाजलं तोच हा माणूस. मी त्याच्या भांड्याला लाथ मारली, ते वेगळं. पण सरूआक्काशी मी कितीतरी दिवस नीट बोलले नाही. मला वाटायचं, कुठल्या कोण म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून आम्ही एवढ्या जणींचं पोट आणि अब्रू दोन्ही घालवायची? हिला कुणी हा अधिकार दिला?

गाळा रिकामा करायला घेतला होता. पातेली पोत्यात भरून दारात ठेवलेली, चूल तेवढी राहिलेली. तेवढ्यात एक म्हातारा पायरी चढून आत आला. पांढरी टोपी, हातात काठी. आत येऊन इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, “बिनफोडणीच्या वरणाची खानावळ हीच का?”

सरूआक्कानं हातातलं पोतं खाली ठेवलं.

“म्या त्या परीक्षकाचा बाप. बघा नीट, जित्ता हाय.”

मथुरा मटकन खाली बसली. म्हातारा हसला. “आवं, घाबरू नका. पोरगं घरी येऊन सांगायलं, कोपऱ्यात बसवलं, रेडू बंद केला, खीर असून दिली न्हाई, वरणाला फोडणी न्हाई. म्या म्हणलं, निघताना ‘या’ तरी म्हणल्या का? न्हाई म्हणला. मग माझ्या ध्यानात आलं, ह्या बायांनी आपल्याला पार लाकडावर ठिवलंय.”

“त्यांना सांगितलंत?” सरूआक्कानं विचारलं.

“न्हाई. त्याची आय गेली तवा तो परगावी होता, मातीला पोचला न्हाई. तवापासनं माझ्या नुसत्या खोकल्याला भेतो. हे कळलं तर त्याला झोप लागायची न्हाई.” मग तो खाली बसला, काठी मांडीवर आडवी ठेवली. “पर म्या सांगणार हाय. चार लोकांत त्यानं तुमचं नाव घालवलं, चार लोकांतच द्यावं माघारी. तेवढं इचाराया आलतो.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “नाव काय घेऊन बसलाव तात्या, गाळा चाललाय आमचा! ही पोती दिसत न्हाईत का?”

त्यानं पोत्यांकडं बघितलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. चेहरा एकदम उतरला. “मग तर आजच सांगतो,” म्हणून उठायला लागला.

“बसा,” सरूआक्का म्हणाली. “सांगू नका. तुमचं लेकरू त्या ताटावर बसून जेवलंय. खाल्लेलं परत काढता येत न्हाई. त्याला कळलं तर रोज तुमच्याकडं बघून त्याला तेच आठवंल. गाळा काय, दुसरा बघू.”

“आन् नाव?”

ती पोत्याचं तोंड बांधायला लागली. मग तात्या हळू म्हणाले, “असं करू. म्या हाय तवर न्हाई सांगत. म्या गेल्यावर तुमी सांगा. तवा त्याला ते जड जायचं न्हाई. बरं वाटंल उलट, की परगावच्या बायांनी आपलं दुख धरलं म्हणून.”

“तुमी शंभर वर्षं जगा,” सरूआक्का म्हणाली.

“म्हंजे तवर तुमच्या नावाला बट्टा?”

“ऱ्हाऊ द्या.”

मी तिच्याकडं बघतच राहिले. ते ती असं म्हणाली की जसं कुणी पाहुण्याची पिशवी कोपऱ्यात ठेवून घेतं. माझा राग तिथंच गेला असं म्हणणार नाही, पण त्यातली हवा गेली.

मथुरा उठली. तिनं पोत्यातनं कढई परत काढली. तेल तापवलं, मोहरी, लसूण, सुकी लाल मिरची, आणि वरणाला अशी फोडणी दिली की रस्त्यावरचं माणूससुद्धा खोकत गेलं. तात्यांना ठसका लागला, डोळ्यांतनं पाणी. “हां,” ते म्हणाले, “आता वाटायलं जित्ता हाय.” खीर केली. मी आग्रह करकरून वाढली. त्यांनी पैसे काढले तेव्हा सरूआक्काचा हात पुढं होईना, तर म्हणाले, “घ्या बाई, न्हाई तर मला लई भ्या वाटंल.” आम्ही घेतले. त्या गाळ्यातलं ते शेवटचं ताट.

पुढं आम्ही मागच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली आणि बरीच वर्षं चालवली. गिऱ्हाईक आलं हळूहळू. बक्षिसाला मात्र आम्हाला कुणी बोलावलं नाही. एकदा बाद ते बाद. तात्या तपासणीला अंबाजोगाईला आले की आमच्याकडंच जेवायचे. मथुरा चुलीपासून ओरडायची, “तात्या, तब्येत काय म्हणती?” ते म्हणायचे, “ठणठणीत! तुमचं नाव काय एवढ्यात सुटत न्हाई.” सगळ्या हसायच्या. सरूआक्का सगळ्यांत जास्त.

सरूआक्का त्यांच्या आधी गेली. तिच्या मातीला गावातली पुष्कळ माणसं आली, आणि परतताना एक जण माझ्या कानावर पडेल असा बोलला, “बाई चांगली होती, ते एक बक्षिसाचं सोडलं तर.” त्याला मी काही बोलले नाही. तिनं शब्द दिला होता, आणि तात्या तेव्हा धडधाकट होते. पण ती खंत माझ्या मनातनं गेलेली नाही, जाणारही नाही. शेड आता बंद आहे, मथुराला दिसत कमी, मला चालवत नाही. माघारी आणायचं ते तेवढं एकच राहिलं होतं, सरूआक्काचं नाव.

यंदा पावसाळा संपत आला तरी तात्या आले नाहीत. त्यांच्या गावचा माणूस वडवणीच्या बाजारात माझ्या जावयाला भेटला, त्यानं सांगितलं. झोपेत गेले. लेक जवळ होता. ते ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग रडू आलं.

संपादकबाईंनी सांगितलं की साहेब या अंकात दरवर्षी लिहितात, म्हणजे वाचतही असतील. म्हणून यंदाच्या निकालाचं निमित्त केलं. साहेब, तात्यांनी परवानगी दिलेली आहे, विचारायला तेवढे ते नाहीत. त्या दिवशी सरूआक्का तुम्हाला म्हणाली, दारातच वळखलं. तिला काय वाटलं होतं ते आता तुम्हाला कळलं. परीक्षक म्हणून आम्ही तुम्हाला ओळखलंच नव्हतं. ओळखलं असतं, तर पैसे घेतले असते.